रेघा वाचणाऱ्या तानाबाई

खामगावच्या एका जिनिंगमध्ये तानाबाई अकरा वर्षं कापूस निवडत होत्या. कवडी म्हणजे किडकं, पिवळं पडलेलं बोंड, अन् पानाचा चुरा त्या बोलता बोलता वेचून बाजूला टाकत. १९७७ साली कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या रंगराव सरांनी त्यांना तिथं पाहिलं आणि विचारलं, "सूक्ष्मदर्शकात पाहायचं काम कराल काय?"

"शाळा सातवीच झाली, सर."

"शाळा माझी झाली आहे. मला नजर पाहिजे."

मुंबईच्या प्रयोगशाळेतून सरांकडे काचेच्या पट्ट्या आल्या होत्या. त्यांच्यावर फोटोच्या फिल्मसारखा, पण जाड लेप. परदेशातल्या मोठ्या यंत्रात त्या लेपावर प्रचंड वेगाचे कण सोडलेले. कण अणूवर आदळला, की तिथून काळ्या ठिपक्यांच्या रेघा चांदणीसारख्या फाकत. क्वचित त्यातली एक रेघ केसाच्या जाडीइतकी जाते न जाते तोच तिला तीन फाटे फुटत. तो जड क्वार्कचा मेसॉन, म्हणजे जन्मताच आपोआप फुटून जाणारा एक दुर्मीळ कण. त्याचं आयुष्य तेवढंच. किती टकरींमागे असा एक जन्मतो, एवढंच मोजायचं होतं.

तानाबाई सकाळी दहाला बसत ते पाचला उठत. आठ महिन्यांत चार हजारांवर टकरी पाहून त्यांनी असे तीन कण शोधले. मग एका रविवारी सरांना स्वतःला चौथा सापडला. सोमवारी त्यांनी मोठ्या हौसेनं तो दाखवला. तानाबाई बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसल्या.

"सर, हे नका धरू."

"काऊन?"

"त्या तिघांचा सांधा साफ आहे. इथं सांध्याले बारकासा टिपका आहे. हे आपोआप नाही फुटलं, कशावर तरी आदळलं."

"लेपातला कचरा असेल तो."

"कचरा मी अकरा वर्सं पाह्यला, सर."

सर दोन दिवस नीट बोलले नाहीत. तानाबाई मात्र रोजच्यासारख्या येऊन पुढची पट्टी पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सरांनी सर्वांत जोरदार भिंग लावलं. टिपक्यातून एक आखूड, जाड रेघ निघालेली होती; फुटलेल्या अणूचा तुकडाच तो. सरांनी वहीतला चौथा आकडा खोडला आणि वर्गातल्या पोरांसमोर सांगितलं, "माझी चूक बाईंनी धरली."

मुंबईला तीनच कळवले. तिथल्या लोकांनी त्याच पट्ट्या पुन्हा तपासल्या. त्यांनाही तेच तीन मिळाले. उत्तरादाखल आलेल्या पत्रात त्यांनी पाहणाऱ्या बाईचं पूर्ण नाव विचारलं होतं.

घरी किसनरावांनी, त्यांच्या मालकांनी, पत्र दोनदा वाचून घेतलं. ते तेलाच्या गिरणीत कामाला होते. "पण हे मोजून होते काय?" त्यांनी विचारलं.

"ते मले नाही सांगता येत," तानाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "पण मोजाले बरं वाटते."

महिन्याभरानं पट्ट्यांची दुसरी पेटी जलंब जंक्शनहून येणाऱ्या गाडीनं आली. तानाबाई स्वतः स्टेशनावर गेल्या आणि रिक्षात ती मांडीवर धरून कॉलेजात घेऊन आल्या.