झुकत्या नाकाचा सांधा

लोणंदला गाडीत बसलो तेव्हाच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रजेचे चार दिवस उरले होते आणि सांगलीजवळच्या हरिपुरातून एक वस्तू मागून आणायची होती. गेल्या वर्षी वारलेले गणपतराव आणि मी, विलायतेतल्या एकाच कारखान्यात फिटर. आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान आम्ही तिथे बांधलं. उतरताना वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून त्याचं नाक खाली झुकतं. त्या नाकाचा पहिला सांधा गणपतरावांनी कानशीने घासून बसवला. चाचण्यांनंतर तो बदलला, तेव्हा जुना त्यांनी आठवण म्हणून घरी धाडला. आता चाचणीचं ते विमान संग्रहालयात जाणार आहे. सांध्यावर घडवणाऱ्याचा म्हणून मारलेला गणपतरावांचा शिक्का दिसला, तर पाटीवर त्यांचं नाव लागेल.

समोर सुटीवर आलेला एक जवान होता. त्याला हे सगळं सांगितलं.

"आवाजाच्या म्होरं पळतंय, मग आतल्या मानसांना एकमेकाचं बोलनं कसं ऐकू येतंय?"

मी समजावत बसलो, त्याला काही पटेना. पुढच्या स्टेशनावर भजी घ्यायला उतरलो तर गाडी हलली. त्यानेच हात देऊन वर ओढलं. भजी फलाटावरच राहिली.

सांगलीत भडंग (मसाल्याचे चुरमुरे) खात टांग्याने हरिपूर गाठलं. गणपतरावांच्या बायकोने, वहिनींनी, गूळपाणी दिलं. मला दम कुठला? सरळ मुद्द्यावर आलो.

त्यांनी देवघरातून सांधा आणून हातात ठेवला. लख्ख. उलटापालटा करून पाहिला, शिक्का कुठेच नव्हता.

"वहिनी, हितं शाईचा शिक्का व्हता."

"व्हता की. दर अमुशाला देवाच्या भांड्यांसंगं राखंनं घासत आले. देवापाशी काळं डाग कसं ठिवायचं?"

शिक्क्याशिवाय नाव लागणार नाही, हे मी बोलून गेलो. त्या खाली बसल्या.

"म्हंजी त्यांचं नाव मीच पुसलं."

मग त्याच म्हणाल्या, "आवं भावजी, तुमी व्हता न्हवं तितं? मग तुमी सांगा की."

मी मान डोलावली. खरं तर इतक्या वर्षांत कारखान्यातल्या साहेबासमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही.

परतीच्या गाडीत सांधा मांडीवर घेऊन बसलो. तिथे माझं कोण ऐकेल, ठाऊक नाही. म्हणून आधी इथे लिहितो: हा सांधा गणपतरावांनी केला. तो घासताना कारखान्यात मी शेजारच्या बाकावर होतो.