सुमनताईंनी दाखवलेली अरुंधती

मी, धर्मा गोविंद भोईर, वय वर्षे एक्क्याऐंशी, व्यवसाय शेती, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार वांगणी, हा लेख स्वहस्ते लिहीत आहे. उल्हासनगरच्या निवृत्त शिक्षिका श्रीमती सुमनताई जाधव यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांचे अनेक विद्यार्थी मोठमोठ्या हुद्द्यांवरून लिहितील. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. माझे मळणीचे खळे त्यांच्या उपयोगी पडले, एवढाच माझा अधिकार.

त्या प्रथम आल्या त्या माघातल्या एका संध्याकाळी. सोबत शाळेतील तीस मुले आणि गळ्यात दुर्बीण. उल्हासनगरात दिव्यांच्या झगमगाटात मुलांना चांदण्या दिसत नाहीत, तेव्हा तुमच्या खळ्यावर दोन तास बसू द्याल का, असे त्यांनी विचारले. सारवलेल्या खळ्यावर आम्ही पादत्राणे चालवून घेत नाही, असे मी जरा करड्या आवाजातच सांगितले. त्यांनी सर्वांआधी स्वतःच्या चपला काढल्या.

त्या संध्याकाळी ताईंनी मृग नक्षत्र दाखवले. हरणाचे रूप घेऊन रोहिणीमागे धावणारा प्रजापती, त्याच्या अंगात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि तो सोडणारा लखलखीत व्याध. एका मुलीने विचारले, "बाई, हे खरंच झालं होतं?" ताई म्हणाल्या, "तारे खरे. गोष्ट माणसांनी रचली, पण झकास रचली." त्या तीन ताऱ्यांना आम्ही तिकांडे म्हणतो आणि त्यावरून रात्र किती सरली ते ओळखतो, असे मी मध्येच बोललो. ताईंनी गोष्ट थांबवली, वही काढली आणि माझे म्हणणे माझ्या नावासह लिहून घेतले. माझे बोलणे कोणी लिहून घेण्याची माझ्या आयुष्यातील ती पहिलीच वेळ. पुढे दर माघात, निवृत्तीनंतरही, त्या येत राहिल्या.

आता जे लिहितो ते आजवर कोणास सांगितलेले नाही. लग्नानंतर वधूवरांना अरुंधती दाखवण्याचा मान आमच्या भावकीत चाळीस वर्षे माझ्याकडे होता. सप्तर्षींच्या शेपटाचा अगदी टोकाचा तारा मी दाखवीत असे. मला ते कोणी शिकवले नव्हते. पत्नी पतीच्या मागून चालते, तेव्हा वसिष्ठांच्या मागे जो तारा तीच अरुंधती, असे मी माझ्या बुद्धीने ठरवले होते.

माझी नात मनीषा हिचे लग्न बदलापुरास झाले. व्याही कुळगावचे, शिकलेले. दिवेलागणीनंतर कार्यालयाच्या गच्चीवर मी रिवाजाप्रमाणे बोट वर केले. नवऱ्या मुलाच्या भावाने मोबाईल आकाशाकडे धरला आणि म्हणाला, "आजोबा, यात तर हा मरीची ऋषी दाखवतोय. नवरीला भलत्याच ऋषीच्या पाया पाडताय की काय!" मंडळी हसली. व्याह्यांनी मान फिरवली, तीही हसू लपवण्यासाठीच. माझे बोट वरच राहिले. चाळीस वर्षांचा मान त्या गच्चीवर जाण्याच्या बेतात होता.

ताई पाहुण्यांत होत्या. माझी बाजू राखण्यासाठी त्या आकाशाविषयी खोटे बोलतील, हे शक्यच नव्हते. त्या माझ्याजवळ आल्या आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "सप्तर्षी दादांनी बरोबर धरलेत. टोकाचे मरीची. दादा, आता एक तारा अलीकडे या. ते वसिष्ठ. अरुंधती मागे नाही हो, त्यांच्या शेजारीच आहे. नवरानवरीला तुम्हीच दाखवा." असे म्हणून त्यांनी पिशवीत सदैव असणारी आपली दुर्बीण माझ्या हाती दिली. वसिष्ठांच्या अगदी लगत एक बारीक तारा होता. तो मी जन्मात प्रथमच पाहिला आणि मीच वधूवरांना दाखवला.

घरी परतताना आमच्या सौभाग्यवती हिराबाई म्हणाल्या, "मना ती बारकी चांदनी सगल्या लग्नांत दिसायची. पन तुमाला कोन सांगनार?"

एवढे होऊनही माझा ताठा गेला नाही. पुढच्या माघात ताई आल्या तेव्हा, खळ्यावर पेंढा रचला आहे, असे मी त्यांना दारातूनच सांगितले. खळे रिकामे होते आणि येताना ते त्यांना रस्त्यावरून दिसलेही असणार. "बरं, पुढल्या वर्षी येऊ," इतकेच त्या बोलल्या आणि मुलांना घेऊन पलीकडच्या ढेकळांच्या शेतात बसल्या. पुढच्या वर्षी त्या खरोखरच आल्या व त्यांनी पहिल्यासारखेच विचारले. खळे मी आदल्या दिवशीच सारवून ठेवले होते. त्या दिवशी त्यांनी मला मुलांसमोर उभे केले आणि सप्तर्षींची आमच्याकडची गोष्ट, म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर, माझ्या तोंडून वदवली.

ज्या जोडप्यांना मी मरीची दाखवून संसारास लावले, त्यांनी चैत्रात अंगणात उभे राहून, टोकापासून दुसऱ्या ताऱ्याच्या शेजारी, एकवार अरुंधती पाहून घ्यावी, अशी माझी त्यांस विनंती आहे.

सुमनताईंना दीर्घायुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना दर माघात वांगणीस आणोत आणि त्यांच्या दृष्टीस कधी उणेपण न येवो.

हे लिखाण वाचून दाखवले तेव्हा माझी पत्नी सौ. हिराबाई, नात मनीषा आणि तिचे यजमान हे साक्षीदार म्हणून हजर होते. पेंढ्याची हकीकत गाळावी, असे मनीषाचे म्हणणे पडले. हिराबाईंनी ती राहू द्यावी असे सांगितले, म्हणून ठेवली आहे.