ताईच्या डोक्यातला ठिपका

स्कॅन विभागातल्या या गृहस्थाला सगळे शंकोबा म्हणत. बायकोने न मागता चहा आणून दिला, की हा विचारायचा, "काय फुटलं?" पंचाईत अशी, की बहुतेक वेळा काहीतरी फुटलेलंच असायचं.

कामही स्वभावाला साजेसं. रोग्याचा जुना आणि नवा स्कॅन कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचा आणि उरलेला फरक डॉक्टरांना दाखवायचा. माणूस दोन्ही वेळा सारखाच निजेल तर शपथ. त्यामुळे चित्र थोडं सरकवावं, फिरवावं लागतं.

त्या दिवशी चित्रं त्याच्या थोरल्या बहिणीची होती. तिच्या डोक्यात एक ठिपका होता. वाढला असला तर ऑपरेशन, नसला तर सरळ घरी. शंकोबाने चित्रं जुळवली. फरक काहीच नाही. दुसरा कोणी असता तर धावत बातमी सांगायला गेला असता. याने चित्रं पुन्हा उघडली. इतकं गोड कसं जुळलं? आधी मशीनवर संशय घेऊन झाला, मग स्कॅन काढणाऱ्या मुलीवर. "जुनाच दोनदा नाही ना पाठवलास?" ती आठवडाभर बोलणार नाही, हे नक्की झालं. मग त्याने गणितवाल्या बाईंना गाठलं. जुळवणीची पद्धत त्यांनीच बसवलेली.

"कुठली जुळवणी लावलीत?" बाईंनी विचारलं.

"ताणाची. साधीने ठिपक्याच्या कडा बसेनात. म्हटलं, साधीतच खोट असणार."

"अहो, ताणाची जुळवणी चित्र रबरासारखं ओढते. वाढलेला ठिपकाही दाबून जुन्या मापात कोंबते. साऱ्या जगावर संशय घेता, तेवढं बटण दाबणारं स्वतःचं बोट सोडून."

शंकोबाने त्यांना खुर्ची दिली. बाईंनी साध्या, नुसत्या सरकवण्या-फिरवण्याच्या जुळवणीने कवटीवर कवटी बसवली. ठिपक्याभोवती बारीक कडं उजळलं.

"डोकं कललं असेल," तो म्हणाला. बाईंनी तपासून दाखवलं. "ती हलली असेल." तेही तपासलं. त्याच्या शंका संपल्या. डॉक्टरांनी चित्र पाहिलं आणि मान डोलावली.

ताई बाहेर बाकावर पर्स धरून बसली होती. "बोल. आणि तुझं ते 'पण' नको."

"वाढलाय थोडा. काढावा लागेल."

"खात्री आहे?"

"आहे."

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुला खात्री आहे म्हणजे पळवाट नाही," ती उठली. "चल डॉक्टरांकडे. आणि आत त्यांना कुठे शिकलात ते विचारू नकोस."