ग्रुपची तब्येत

दर महिन्याच्या अखेरीस मला एका ग्रुपची तब्येत लिहून पाठवावी लागे. तब्येत हा शब्द फॉर्मवरचाच. लोणावळ्याच्या हॉटेलांत आणि आसपासच्या बंगल्यांवर काम करणाऱ्या बायकांना मोबाइलवरून कामापुरतं इंग्रजी शिकवणाऱ्या एका संस्थेत मी लागले होते. ग्रुपवर किती जणी बोलल्या, चुका किती झाल्या, भांडण झालं का, असे रकाने होते. ते भरले की शेवटचा चौकोन रंगवायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल.

हे काम घरून करता येतं, म्हणूनच मी घेतलं. मला बोलायचा फार संकोच वाटतो. लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत शिकले, पण वर्गात कधी हात वर केल्याचं आठवत नाही. इथे सगळं टाइप करून भागत होतं. सकाळी मी एक प्रसंग लिहून टाकायची. बायका कामं आटोपून दुपारी आपल्या आवाजात उत्तर पाठवायच्या. मागे कुकरची शिट्टी, कोंबड्या, कोणाचं तरी हाक मारणं ऐकू यायचं. मला ते ऐकायला आवडायचं.

सगळ्यांत जास्त उत्तरं मळवलीच्या एका मावशींची असत. त्या आणि त्यांचे यजमान एका बंगल्याची राखण करत. जवळच्या रिसॉर्टला पाहुण्यांच्या स्वागताला एक बाई हवी होती, आणि आमच्या तोंडी परीक्षेत जी चांगली बोलेल तिचं नाव संस्था सुचवणार होती. ती जागा मावशींना हवी होती. फरशा पुसून गुडघे गेले, आता खुर्चीवरचं काम मिळालं तर बघायचंय, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कळवलं होतं.

एके दिवशी मी लिहिलं, पाहुण्यांच्या खोलीत गरम पाणी येत नाही, तुम्ही काय सांगाल? पहिला आवाज मावशींचा. ‘हॉट वॉटर कमिंग. यू सिट.’ सूर असा, की कोणीही पाहुणा निवांत बसला असता. मी मात्र शाळेत आमच्या वह्या तपासल्या जायच्या तसं केलं. त्यांचं वाक्य लिहिलं, पुढे लाल फुली. खाली बरोबर वाक्य, पुढे हिरवी खूण. शेवटी ‘छान प्रयत्न’. लगेच चार-पाच चेहरे आले, हसून डोळ्यांत पाणी आलेले. मी ते पाहिले. काही लिहावं का, याचा विचार करत बसले, तोवर दुसरीचं उत्तर आलं आणि तो विषय वर सरकून गेला.

त्यानंतर मावशींचा आवाज आला नाही. बाकीच्यांची उत्तरं मात्र सुधारली. चुका जवळजवळ थांबल्याच. महिनाअखेरीस मी चौकोन हिरवा केला, आणि संस्थेतल्या ताईंनी माझा ग्रुप इतरांना नमुना म्हणून दाखवला. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

परीक्षेच्या यादीत मावशींचं नाव नव्हतं. मी त्यांना दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. फोन करायला धीर होईना. लोणावळ्याहून मळवली एकच स्टेशन, म्हणून शेवटी गेले.

मावशी बंगल्यामागच्या खोलीसमोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं, तशा उठल्या, खुर्ची दिली, चहा ठेवला. परीक्षेचा विषय मी काढला.

“मी न्हाई देत, मॅडम.”

कारण त्यांनी थोडं थोडं करून सांगितलं. बायकांचा आणखी एक ग्रुप होता, माझ्याशिवायचा. माझी फुली कोणालाच नको होती. म्हणून कामशेतच्या दुकानात काम करणारी एक शिकलेली मुलगी रोज तिथे बरोबर उत्तर टाकायची, आणि सगळ्या ते पाठ करून माझ्याकडे म्हणून दाखवायच्या. मावशीही त्या ग्रुपात होत्या, पण तिथे त्यांना नाव पडलं होतं.

“स्टेशनावर गाठ पडली तरी म्हणत्यात, काय यू सिट मावशी, बसू का आमी?” त्या जरा हसल्या. “चेष्टा हाय. वाईट न्हाईत त्या. पन तोंड उघडाया गेलं की तेच म्होरं येतं.”

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली. मग सूप खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुमचा आवाज आज पैल्यांदा ऐकला. ग्रुपवर कदी बोलला न्हाई तुमी?”

“नाही. लाज वाटते.”

“मंग आमाला कसं बोला म्हंता?”

रागावून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चहा संपवून मी निघाले. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेरभर इंद्रायणी तांदूळ घातला.

त्या परीक्षेला आल्या नाहीत. जागा दुसरीला मिळाली.

मळवलीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ग्रुपवर पहिल्यांदा माझ्या आवाजात बोलले होते. फुली मारणं ही माझी चूक होती, हसणं मी तिथेच थांबवायला हवं होतं, एवढंच. दुसऱ्या ग्रुपबद्दल बोलले नाही. तो त्यांचा होता. कितीतरी वेळा पुसून पुन्हा म्हटलं, तरी आवाज कापतच होता. शेवटी तसाच पाठवला. त्या महिन्याचा चौकोन मी लाल केला. ताईंचा फोन आला की आकडे तर चांगले आहेत. मी म्हटलं, चुका होत नाहीत, कारण माझ्यासमोर चुकायची भीती आहे. त्या म्हणाल्या, याला रकाना नाही. मी रंग बदलला नाही.

आता प्रसंगही मी बोलूनच सांगते, आणि सुधारायचं असेल ते एकेकीला वेगळं कळवते. बायका पुन्हा चुकायला लागल्या आहेत. सगळ्या नाही, थोड्या. माझा आवाज कोणी कोणी ऐकला ते मोबाइलवर दिसतं. मावशींचं नाव त्यात रोज दुपारी येतं. त्या ऐकतात, बोलत नाहीत. पुढची परीक्षा जवळ आली आहे. देणार का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.