आईने बंद केलेली पानं

जे. पी. नगरच्या घरातला माळा आवरताना ती पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकं सापडली. शाळेच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्यापायी मी जेवणखाण विसरायचे. दलदलीकाठची हवेली, तिथलं एक घराणं, आणि दर पिढीत कुणीतरी घरच्याच माणसाच्या हातून मरायचं. आमच्याकडे तेव्हा बाबांची सरकारी कारखान्यातली शिफ्ट आणि फ्लॉवरची भाजी यापलीकडे काही घडत नसे. मला त्या घराण्याचा चक्क हेवा वाटायचा.

माळा आवरायला का काढलाय ते आईला सांगितलं नव्हतं. सोमवारी तिला शहराबाहेर, आनेकलच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बाबा गेले, भावंडं नाहीत. आई गॅस सुरू करून विसरते, भर दुपारी घराबाहेर पडते आणि परतीचा रस्ता तिला सापडत नाही. मी ऑफिसात फोनकडे बघत बसते. थकले आहे मी. कुणाला पटो न पटो.

तर आवरायचं सोडून वाचत बसले. आधी हसूच आलं. पानापानावर वीज कडाडते, एक दार म्हणून न करकरता उघडत नाही, आणि नायिका ऊठसूट बेशुद्ध पडते. असल्या बाईसाठी मी उशी भिजवली होती!

मग दिसल्या आईच्या पिना. ती बेळगावात मराठी शाळेत शिकलेली. ही पुस्तकं आधी ती स्वतः वाचायची, मांडीवर शब्दकोश घेऊन, आणि मुलीने वाचू नयेत ती पानं स्टेपलरने बंद करून मगच माझ्या हातात द्यायची. बिचारीला कळलं नाही की तिने माझं काम सोपंच केलं. पिन दिसली की समजायचं, इथे माल आहे. कर्कटकाच्या टोकाने ती उचकटायची, वाचायचं आणि पुन्हा दाबून ठेवायची.

चौथ्या भागातली दोन पानं मात्र अजून बंद होती. तेव्हा वरून डोकावून पाहिलं असणार: एक म्हातारी, एक घोडागाडी, चुंबनबिंबन काही नाही. म्हणून सोडून दिली असतील. आता उघडली. घराण्यातली थोरली लेक म्हाताऱ्या आईचे केस विंचरते, तिला ठेवणीतला झगा घालते, चल फिरायला जाऊ म्हणते. गाडी वेड्यांच्या इस्पितळापाशी थांबते. म्हातारी खूश होऊन विचारते, इथे चहा मिळतो का? एवढंच. त्या पानांवर वीजही कडाडत नाही.

अख्ख्या मालिकेत खून झाले, दुधातून विष घातलं गेलं, त्याला आईची हरकत नव्हती. हे मात्र तिला लेकीपासून लपवावंसं वाटलं.

पुस्तक घेऊन तिच्याकडे गेले. ती अवरेच्या शेंगा सोलत होती, दाणे आणि सालं एकाच ताटात.

"आई, ही पानं का गं बंद केली होतीस?"

तिने पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "काहीतरी घाण असेल. वाचलंस तू?"

"हो."

"असलं वाचायचं नाही," ती म्हणाली. "मनात राहतं."

सोमवारी तिला खरं सांगायचं असं घोकतच उठले. तिला इरकल नेसवायला घेतली. निऱ्या करत होते तेव्हा तिने विचारलं, "कुठं चाललोय गं?"

"फिरायला," मी म्हणाले. तोंडून तेच आलं. मला माझी किळस आली, तरी निऱ्या नीट खोचल्या.

दारात शेजारच्या अक्का उभ्या होत्या. त्यांना मी सगळं आधीच सांगितलं होतं. आईने त्यांना कानडीत ऐटीत सांगितलं की लेक मला फिरायला नेते आहे. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सरी अम्मा, होगि बन्नि," म्हणाल्या, जाऊन या, आणि दार लावून घेतलं.

जिना उतरताना आईने माझा दंड घट्ट धरला. "तू आहेस म्हणून गं," ती म्हणाली, "नाहीतर मला कोण नेतंय?"