हायड्रोत गेलेला हात

"उजवा हात ठेवता येणार नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "ही क्रश इंज्युरी आहे. म्हणजे हाड, स्नायू, रक्तवाहिन्या, सगळं एकत्र चिरडलंय. कोपराखालून काढला नाही, तर त्याचं विष अंगभर पसरेल. मग तुम्हीही राहणार नाही."

मी त्यांना आईवरून शिवी दिली. म्हणालो, "शिवा. कसाबी शिवा, पण काढू नका."

माझी बायको सुरेखा भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "काढा मॅडम. माणूस ठेवा."

त्या क्षणी मला तिचा गळा दाबावासा वाटला. पण दाबायला दोन हात नव्हते. उजवा रक्तानं भिजलेल्या कापडात माझ्या शेजारी पडला होता आणि मला त्यातलं एक बोटही हलवता येत नव्हतं.

मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डायिंग, म्हणजे माल रंगवायच्या खात्यात काम करायचो. हायड्रो म्हणजे ओले टॉवेल गरागरा फिरवून पिळणारं यंत्र. घरातल्या वॉशिंग मशीनचा ड्रायरच म्हणा, पण त्याच्या डब्यात दोन माणसं उभी राहतील एवढा मोठा. डबा पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये म्हणून त्याला इंटरलॉक असतो. आमचा इंटरलॉक बिघडला होता. मॅनेजरनं तो दुरुस्त करण्याऐवजी तार बांधून कायमचा मोकळा करून टाकला होता. माल लवकर निघतो म्हणे.

आमची शिफ्ट सुपरवायझर पद्माअक्का. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, आमच्या खात्यातली पहिली बाई सुपरवायझर. ती त्या तारेवरून मॅनेजरशी भांडली होती. खात्यात खेळती हवा नाही यावरूनही भांडली होती. एक्झॉस्ट पंखे जाम झालेले, धूळ मालावर बसते म्हणून खिडक्यांना पत्रे ठोकलेले. आत वाफ इतकी कोंडायची की समोरच्या माणसाचं नुसतं धूड दिसायचं.

त्या दुपारी मी झाकण उचललं. वाफेत डबा थांबल्यासारखा वाटला. शेजारच्या मशीनच्या आवाजात त्याचा आवाज कळला नाही. मी टॉवेलचं टोक धरलं. डबा फिरत होता.

टॉवेलानं मनगटाला फास टाकला आणि मला ओढलं. खांदा लोखंडावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. कातडी मोज्यासारखी उलटी झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. अक्कानं धावत येऊन लाल बटन दाबलं, पण एवढं जड यंत्र बटन दाबल्या दाबल्या थांबत नाही. ते थांबेपर्यंत मी ओरडत होतो. मग अक्कानं स्वतःची ओढणी दंडाला करकचून आवळली. त्या ओढणीमुळे मी हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचलो, असं मॅडमनी नंतर सांगितलं.

ऑपरेशननंतर मॅनेजर फळं घेऊन आला. मोहोळहून आलेला माझा भाऊ संभा बाहेरच उभा होता. त्यानं मॅनेजरची कॉलर धरून त्याचं तोंड भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. दारातून मला दिसत होतं. नाकातनं रक्त आलं तसं मला बरं वाटलं. अजून मार, असं मी मनात म्हणत होतो.

अक्का मधे घुसली. "संभा, सोड त्याला. हा मेला तर उद्या दुसरा येईल. ती तार तशीच राहील की."

"मग काय करू? बघत बसू व्हय?"

"मी बघते काय करायचं ते. तू भावाजवळ बस."

ती नंतर काय करून आली, हे मला शिफ्टमधल्या पोरांनी सांगितलं. हायड्रो धुऊन पुन्हा चालू करायची तयारी चालली होती. अक्का पॅनलसमोर जाऊन उभी राहिली. कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसानं तिला वेणी धरून ओढलं. तिचं कपाळ मशीनच्या कडेवर फुटलं. ती उठली आणि पुन्हा तिथंच उभी राहिली. ते बघून एकेकानं आपापली मशीन बंद केली.

मालक आले. अक्कानं रक्त पुसलं नाही आणि आवाजही चढवला नाही. म्हणाली, "लॉक बसवा. खिडक्या उघडा, पंखे लावा. आणि धोका दिसला की कुणालाबी मशीन थांबवता आली पाहिजे, न विचारता."

"तुझी नोकरी गेली समज."

"जाऊ दे की. पण आत कोण जाणार न्हाय."

आणि कुणी गेलं नाही. पुढे फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, तेव्हा मालक शेजारी असताना तिनं जे घडलं ते सगळं सांगितलं. हायड्रोला सील लागलं. लॉक आणि पंखे बसेपर्यंत ते निघालं नाही, आणि अक्काला काढायची हिंमत मालकांना झाली नाही.

इकडे माझी जखम चिघळली. डिब्राइडमेंट करावं लागलं. म्हणजे सडलेलं मांस कापून, खरवडून काढणं. एकदा नाही, पुन्हापुन्हा. ड्रेसिंगची गाडी खडखडत आली की मला मुताला व्हायचं.

त्याहून वाईट, जो हात नव्हता तो दुखायचा. मूठ आवळलेली आणि नखं तळव्यात रुतलेली. मी सांगायचो, मूठ उघडा माझी. लोक एकमेकांकडे बघायचे. एका सकाळी मी तो थोटा हात भिंतीवर हाणला. टाके फुटेपर्यंत हाणला. भिंतीवर रक्ताचे फराटे आणि दोन वॉर्डबॉय माझ्या छातीवर.

मॅडम रागावल्या नाहीत. "याला फँटम लिंब पेन म्हणतात. हात गेला तरी मेंदूला तो आहे असंच वाटत असतं. दुखणं खरं आहे. तुम्हाला वेड लागलेलं नाही."

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर हे वाक्य पाठ करून ठेवा.

त्यांनी माझ्यासमोर आरसा उभा धरला, थोटा हात त्याच्यामागे. डावी मूठ आवळून सावकाश उघडायला सांगितली. आरशात मला उजवी मूठ उघडताना दिसली. रोज तेच करत राहिलो. एके दिवशी नखं खरंच सुटली. मी मॅडमच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो.

आता मी त्याच कारखान्यात आहे, स्टोअरमध्ये. डायिंग खात्याला खिडक्या आहेत आणि समोरचा माणूस स्पष्ट दिसतो. अक्का अजून सुपरवायझर आहे. कपाळावर वण आहे. मालक तिला नमस्कार करतात, पण ती त्यांच्यावर विसंबत नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी प्रत्येक लॉक ती स्वतः ओढून बघते. माझा राग गेलेला नाही. तो कुठं वापरायचा, एवढं तिच्याकडे बघून कळलं.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेलेला एक जण वॉर्डात कुणालाच जवळ येऊ देत नव्हता. मी गेलो. त्यानं पाण्याचा तांब्या माझ्या छातीवर फेकला आणि माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. मी ओल्या शर्टानं स्टुलावर बसून राहिलो. शिव्या संपल्या, तो दमला. माझ्या रिकाम्या बाहीकडे बघायला लागला.

मग म्हणाला, "भाकरी कशी मोडता?"

"कडक असली तर लई सोपं," मी म्हणालो. "नुसतं दाबायचं."

आणि मी माझा डबा उघडला.