देवीच्या खिळ्यावरचं सलाईन

माझ्या आईवर अन्याय झाला तो गेल्या मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. त्या मिनिटाला पनवेलच्या नर्सिंग एजन्सीची सिस्टर आमच्या कोन गावातल्या घरात सलाईन लावून, एक थेंब न मोजता, पळस्प्याच्या पेशंटकडे निघून गेली. मी घड्याळ बघितलं होतं. मी एका संघटनेची पत्रकं लिहिते, आणि पत्रकं लिहिणाऱ्याला वेळ नोंदवायची खोडच असते.

आईला न्यूमोनिया झाला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की अँटिबायोटिकची बाटली तासाभरात आत गेली पाहिजे, डोस अर्धवट राहिला तर ताप पुन्हा उसळेल. सिस्टरला बाटली पलंगावरच्या उंच खिळ्याला टांगायची होती. पण त्या खिळ्यावर एकवीरा आईची तसबीर. आई म्हणाली, "देवीच्या जागेवर बाटली नाय टांगायची." सिस्टर घाईत. तिने वाद घातला नाही, समजावलंही नाही. बाटली खिडकीच्या गजाला अडकवली आणि गेली. आई आडवी होती तोवर थेंब पडत होते. मग खोकल्याची उबळ आली म्हणून मी तिला पाठीशी उशा लावून बसवलं. ती वर आली, बाटली तिथेच राहिली. हे आज कळतंय. तेव्हा एवढंच दिसलं की थेंब थांबले.

नळीला पीळ नव्हता. थेंब कमीजास्त करायचं नळीवरचं चाक मी पूर्ण उघडलं, तरी काही नाही. सिस्टर फोन उचलेना. एजन्सीतला माणूस म्हणाला, होतं हळूहळू मॅडम, एवढं काय. मी त्याच्याशी भांडत राहिले. पेशंटचे हक्क, तुमची जबाबदारी, सगळं पाठ होतं. पाऊण तास गेला, बाटली अर्धीसुद्धा रिकामी झाली नव्हती, आणि सुईकडून नळीत रक्ताची लाल रेघ वर चढायला लागली. आईचं कपाळ तापलेलं. ती तसबिरीकडे बघत पुटपुटत होती. मी तिला म्हटलं, हिच्यापायीच तर हे चाललंय. हे बोलल्याची लाज मला अजून वाटते.

फोनवर कुणीतरी बाटली पिळतानाचा व्हिडिओ मी कधीतरी बघितला होता. मी दोन्ही हातांनी बाटली धरली. तेवढ्यात दारात आवाज आला, आईचा जोगवा वाढा. परडी घेऊन मंगळवारी फिरणारी ती मावशी. देवीच्या नावाने मागणाऱ्यांविरुद्ध आमच्या संघटनेने पत्रक काढलं होतं आणि मी ते खुद्द तिच्याच हातात दिलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "मला वाचता येत नाय बाय, तूच वाचून दाखव." मी तशीच पुढे गेले होते. आत्ताही पुढे जा म्हणून ओरडले. पण उघड्या दारातून तिला माझे हात दिसले होते. परडी उंबऱ्याशी ठेवून ती सरळ आत आली.

"दाबू नको. सुईत रक्ताची गाठ धरली असंल तर आत जाईल."

तिने ऐन उमेदीत सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आया म्हणून काम केलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. आईचा हात तिने बोटांनी चाचपला. सूज नव्हती, दुखतही नव्हतं. मग तिने वर बघितलं.

"बाटली नि काळीज एका उंचीला ठेवलंय. पाणी उतरंल कसं?"

आम्हा दोघींना कळलं की आता ती काय करणार. आई म्हणाली, "तिला नको हलवू गं."

"तुझ्यासाठीच उतरतेय ती. पोटाशी धर."

तिने आधी चाक बंद केलं, नाहीतर एकदम भसकन जाईल म्हणाली. मग दोन्ही हातांनी तसबीर काढून आईच्या मांडीवर ठेवली आणि बाटली खिळ्याला टांगली. थेंब किती सोडायचे ते डॉक्टरला विचार, ते माझं काम नाय, असंही तिनेच सांगितलं. इतका वेळ भांडले, पण डॉक्टरांना फोन करायचं मला सुचलं नव्हतं! त्यांनी सूज, वेदना विचारली, चाक हळूहळू उघडायला लावलं आणि मी थेंब मोजेपर्यंत फोन ठेवला नाही. लाल रेघ फिकी होत मागे सरकली. पहिला थेंब पडला, मग दुसरा. आई सलाईन नसलेल्या हाताने देवीला धरून रडत होती. संध्याकाळी ताप उतरायला लागला.

आई म्हणते, देवीने आपली जागा दिली. मी वाद घालत नाही. नेमकी त्याच मिनिटाला ती मावशी दारात का आली, याचं उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, अशी टिंगल मी आजवर केली. त्या सकाळी शरण जाणं म्हणजे बाटलीवरचे हात काढून घेऊन जाणत्याचं ऐकणं होतं. ते माझ्याकडून करवून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. देवीची म्हणा, मावशीची म्हणा.

आणि आता तुम्ही. तुमच्या घरी कुणी सलाईन लावलं, तर मिनिटाला थेंब किती, बाटली किती उंच, थांबलं तर कुणाला फोन, हे आधीच एका कागदावर लिहून घ्या. पहिली पंधरा मिनिटं लावणाऱ्यांना समोर बसवा. नाही म्हणाले, तर दारात आडवे उभे राहा.